ग्रंथालयात ट्रू क्राइमचा वाचक गट कसा सुरू करावा आणि कसा चालवावा

ट्रू क्राइम, म्हणजे खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं, वाचणारे बहुतेक जण एकटेच वाचतात. पुस्तक संपतं, डोक्यात प्रश्न घोळत राहतात, आणि घरात विषय काढला की "रात्रीचं कसलं वाचतेस हे?" एवढंच ऐकायला मिळतं. अशा वाचकांना ग्रंथालयातला गट फार मोठा आधार देतो. पण कादंबरीच्या वाचक गटाची पद्धत जशीच्या तशी इथे उचलता येत नाही. कादंबरीत मेलेला माणूस कुणाचाच नसतो. इथे तो कुणाची तरी बहीण, मुलगा, शेजारी असतो. आरोपी कदाचित अजून जिवंत असतो, खटला कदाचित अजून चालू असतो. आणि पुस्तकावर 'सत्यघटना' असं छापलेलं असल्यामुळे त्यातलं प्रत्येक वाक्य आपण खरं धरून चालतो.

म्हणून माझ्या मते या गटाचा कणा एकाच प्रश्नाचा असावा: "हे लेखकाला कसं कळलं?" पुस्तक निवडताना, वाचताना, बोलताना हा प्रश्न हाताशी ठेवला तर वाचन खोल जातं आणि गट टिकतो. तो सुटला की चर्चा 'खुनी किती विकृत होता' यावर घसरते. त्या विषयावर बोलण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे दोन-तीन बैठकांत माणसं गळायला लागतात.

आधी ग्रंथपालांशी बोला

तोंडी कल्पना मांडण्यापेक्षा एक पानभर लिहून न्या. गट कशासाठी, किती जणांचा, कोणत्या वयोगटासाठी, महिन्यातला कोणता दिवस आणि पहिली तीन पुस्तकं कोणती, एवढं त्यात असलं की पुरे. 'गुन्ह्यांवरची पुस्तकं' म्हटल्यावर ग्रंथपालांच्या मनात दोन शंका येतात. हे सनसनाटी होईल का, आणि कुणी तक्रार केली तर काय? त्यांनी विचारण्याआधीच उत्तर द्या: गट प्रौढांसाठी आहे, मृतदेहांची छायाचित्रं दाखवली जाणार नाहीत, न्यायप्रविष्ट प्रकरणं घेतली जाणार नाहीत, आणि नियम लेखी असतील.

मग तुमचे प्रश्न विचारा. एका पुस्तकाच्या किती प्रती मिळू शकतील? दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायच्या झाल्या तर किती आठवडे लागतात? ऑडिओबुक किंवा मोठ्या टायपातली आवृत्ती आहे का? बैठकीपर्यंत प्रती गटासाठी राखून ठेवता येतील का? शिवाय कोणी कोणतं पुस्तक नेलं याची यादी सूचना फलकावर किंवा ग्रुपवर जाणार नाही, हे स्पष्ट करून घ्या. या विषयातली पुस्तकं नेताना काही वाचकांना संकोच वाटतो, आणि तो जपला पाहिजे.

त्याच भेटीत शेल्फ फिरून बघा. ड्युई दशांश पद्धतीने (प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देऊन) लावलेल्या ग्रंथालयात ट्रू क्राइम एका जागी सापडत नाही. बरीचशी पुस्तकं 364 खाली, म्हणजे गुन्हेशास्त्रात असतात. खुनाची प्रकरणं 364.1523, फसवणुकीची 364.163. पण पोलीस तपासावरची 363.25 ला जातात, फौजदारी कायद्याची 345 ला, न्यायवैद्यकाची 614.1 ला, आणि काही चरित्रांमध्ये बसलेली असतात. हे आकडे लिहिलेलं एक कार्ड करून गटातल्या प्रत्येकाला द्या. पुढची पुस्तकं सुचवण्याचं निम्मं काम त्यानेच होतं.

किती माणसं, किती वेळ

आठ ते बारा जण उत्तम. सहाच्या खाली गेलात तर दोघं गैरहजर राहिली की चर्चा लंगडी पडते, पंधराच्या वर गेलात तर निम्मे नुसते ऐकत बसतात. बैठक दीड तासाची असावी. ही पुस्तकं बऱ्याचदा चारशे पानांच्या पुढे जातात आणि काही भाग सलग वाचवत नाहीत, तेव्हा दोन बैठकांत किमान पाच-सहा आठवडे ठेवा. वयाची अट अठरा. सूत्रधार दोन असावेत. एक जण चर्चा पुढे नेतो, तेव्हा दुसरा खोलीकडे लक्ष ठेवतो: कोण गप्प झालं, कोण उठून बाहेर गेलं. हे दुसरं काम एकट्याने चर्चा चालवताना जमत नाही.

पहिलं पुस्तक खुनाचं नको

हा माझा ठाम आग्रह आहे. नवी माणसं एकमेकांना ओळखत नसताना थेट रक्तपातात शिरलं की कुणी जास्त बोलत नाही, आणि जे बोलतात ते थरारावर बोलतात. सुरुवात फसवणुकीच्या प्रकरणाने करा. जॉन कॅरेरू यांचं 'बॅड ब्लड' (2018) यासाठी फार चांगलं आहे. रक्ताच्या काही थेंबांत ढीगभर चाचण्या करून देऊ असा दावा करणारी थेरानोस कंपनी, आणि तो दावा कसा पोकळ निघाला याची ही हकिकत. कॅरेरू स्वतः वॉल स्ट्रीट जर्नलचे वार्ताहर, 2015 मध्ये त्यांच्याच बातमीने प्रकरण फुटलं. त्यामुळे 'लेखकाला कसं कळलं' याचं उत्तर पुस्तकातच मिळतं: कोण बोललं, कोण घाबरलं, वकिलांचा दबाव कसा आला. शिवाय पुस्तक खटल्याच्या आधी संपतं. संस्थापक एलिझाबेथ होम्स 2022 च्या जानेवारीत दोषी ठरल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना अकरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. पुस्तक संपल्यावरही प्रकरण चालू राहतं, हा धडा पहिल्याच बैठकीत मिळतो.

दुसऱ्या पुस्तकासाठी जुनं प्रकरण घ्या. सगळे संबंधित काळाच्या पडद्याआड गेलेले असले की मोकळेपणाने बोलता येतं. हॅली रुबेनहोल्ड यांचं 'द फाइव्ह' (2019) माझ्या यादीत नेहमी वर असतं. 1888 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 'जॅक द रिपर' या कधीच न सापडलेल्या खुन्याने मारलेल्या मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या पाच बायकांची ही चरित्रं आहेत. खुनी कोण, या प्रश्नाला लेखिका हातच लावत नाही. या पाचही जणी वेश्या होत्या असं शंभरावर वर्षं छापलं गेलं. त्यातल्या तिघींबाबत तसा ठोस पुरावाच नाही, असं ती मांडते. हे मत सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि म्हणूनच पुस्तक चर्चेला चांगलं.

पुढे क्रमाने अवघड होत जा. डेव्हिड ग्रॅन यांच्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' (2017) मध्ये 1920 च्या दशकात ओक्लाहोमातल्या ओसेज लोकांचे तेलाच्या पैशासाठी पडलेले खून आहेत. तिथे गुन्हेगार एक माणूस, की त्याला पाठीशी घालणारी अख्खी व्यवस्था, हा प्रश्न समोर येतो. ब्रायन स्टीव्हन्सन यांचं 'जस्ट मर्सी' (2014) चुकीने दोषी ठरलेल्यांबद्दल आहे. मिशेल मॅकनमारा यांचं 'आय विल बी गॉन इन द डार्क' कॅलिफोर्नियात अनेक बलात्कार आणि खून करणाऱ्या माणसाच्या शोधाबद्दल आहे. ते 2018 च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा लेखिकेला जाऊन जवळपास दोन वर्षं झाली होती आणि गुन्हेगार सापडलेला नव्हता. एप्रिलमध्ये तो पकडला गेला, 2020 मध्ये त्याने गुन्हे कबूल केले. लैंगिक अत्याचारांचं वर्णन असलेलं हे पुस्तक गट मुरल्यावरच घ्या.

आणि एकदा तरी जॅनेट माल्कम यांचं 'द जर्नलिस्ट अँड द मर्डरर' (1990) वाचा. लहानसं पुस्तक आहे. बायको आणि दोन मुलींच्या खुनाच्या आरोपीशी एका लेखकाने मैत्री केली, त्याच्या बचावपक्षासोबत राहिला, आणि मग तो दोषी आहे असं सांगणारं पुस्तक लिहिलं. तुरुंगातून त्या माणसाने लेखकावरच दावा लावला. 1987 मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही, पुढे पैसे देऊन तडजोड झाली. हे वाचल्यावर गट प्रत्येक ट्रू क्राइम पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

पुस्तक पक्कं करण्याआधी सूत्रधाराने ते पूर्ण वाचलेलं असावं. परीक्षणांवर विसंबू नका. शेवटची टिपांची पानं आधी उघडा: स्रोत दिले आहेत का, कुणाच्या मुलाखती घेतल्या, न्यायालयीन कागद पाहिले का. टिपाच नसतील तर ते पुस्तक घेऊ नका. मग ते कितीही खपलेलं असो.

आमंत्रण

फलकावर रक्ताचे शिंतोडे, चाकू, खडूने काढलेली माणसाची आकृती नको. अशा चित्राने येणारा वाचक वेगळा असतो आणि ज्याच्या घरात असं काही घडलं आहे तो फलकाशीच थांबतो. पुस्तकाचं नाव, दिवस, वेळ, अठरा वर्षांची अट आणि एक ओळ: 'सत्य गुन्ह्यांवरची पुस्तकं आणि ती कशी लिहिली जातात याबद्दल बोलू.' बास.

नियम पहिल्याच बैठकीत, मोठ्याने वाचून

नियम थोडे ठेवा, पण लेखी ठेवा आणि नवा सदस्य आला की पुन्हा वाचा. माझी यादी अशी:

- बळी पडलेल्या व्यक्तीचा उल्लेख नावाने करायचा. 'ती दुसरी बाई', 'तिसरा मृतदेह' असं म्हणायचं नाही. कायद्याने ओळख गुप्त असेल तर पुस्तकात दिलेलं बदललेलं नाव वापरायचं.
- संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन वेगळे शब्द आहेत. प्रकरण ज्या टप्प्यावर असेल तोच शब्द वापरायचा. निर्दोष सुटलेल्याला 'सुटला, पण केलं त्यानेच' असं गटात म्हणायचं नाही.
- स्वतः तपास करायचा नाही. नातेवाइकांना संदेश, घराच्या फेऱ्या, समाजमाध्यमांवर संशयितांची नावं, काहीही नाही.
- कुणीही कधीही उठून बाहेर जाऊ शकतं. कारण विचारायचं नाही.
- कुणी स्वतःबद्दल सांगितलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही.

तिसऱ्या नियमावर कुणी ना कुणी हसतं. त्यांना 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर काय झालं ते सांगा. इंटरनेटवरच्या हौशी तपासकांनी छायाचित्रं ताडून एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून पसरवलं. त्याचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. मुलाला शोधणाऱ्या त्याच्या घरच्यांवर धमक्या आणि शिव्यांचा मारा झाला, आणि पुढे तो मृतावस्थेत सापडला.

सूत्रधाराची फाइल

प्रत्येक पुस्तकासाठी एक पातळ फाइल करा. त्यात चार कागद पुरतात. पहिला घटनाक्रम: तारखा एका बाजूला, घटना दुसऱ्या बाजूला. दुसरा माणसांची यादी, कारण पन्नास नावांच्या पुस्तकात वाचक हरवतो. तिसरा म्हणजे पुस्तक छापून आल्यानंतर काय झालं: अपील, नवा पुरावा, सुटका, कबुली. चौथा पूर्वसूचनेचा. हा चौथा कागद पुस्तकासोबतच वाचकांच्या हाती द्या. 'या पुस्तकात हिंसा आहे' असं मोघम लिहून उपयोग नाही. 'चौथ्या प्रकरणाच्या शेवटी लहान मुलाच्या मृत्यूचं वर्णन आहे. ती पानं सोडली तरी पुढचं समजतं' असं लिहा. वाचक मग स्वतः ठरवतो.

तिसऱ्या कागदावर सगळ्यात जास्त वेळ द्या. जुन्या पुस्तकातली 'शास्त्रीय' साक्ष आजही शास्त्रीय असेलच असं नाही. डीएनए ठसे ओळखण्याची पद्धत अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात शोधली. खुनाच्या तपासात ती पहिल्यांदा वापरली तेव्हा आधी सुटला तो एक सतरा वर्षांचा मुलगा, ज्याने पोलिसांपुढे एका खुनाची कबुली दिली होती. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि 1988 मध्ये त्याला शिक्षा झाली. गटात 'कबुली दिली म्हणजे केलंच असणार' असं कुणी म्हणालं की हे उदाहरण द्यावं. 2009 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने त्याहून व्यापक गोष्ट सांगितली. पेशीकेंद्रातल्या डीएनएचं विश्लेषण सोडलं, तर कोणतीही न्यायवैद्यक पद्धत पुराव्याचा संबंध एका विशिष्ट माणसाशी सातत्याने आणि खात्रीने जोडू शकते हे काटेकोरपणे सिद्ध झालेलं नाही. दातांचे व्रण, केसांची तुलना, आगीच्या खुणा यांवर उभं असलेलं पुस्तक वाचताना विचारा: हा पुरावा त्या वर्षी काय मोलाचा होता आणि आज काय मोलाचा आहे?

बैठक कशी चालवायची

सुरुवात गुन्ह्याने करू नका. पहिली दहा मिनिटं गेलेल्या व्यक्तीच्या आयुष्यासाठी ठेवा: काम काय करायची, कुणाबरोबर राहायची, तिला काय हवं होतं. 'द फाइव्ह'च्या बैठकीत मी एक कागद वाचायला देईन. कॅथरीन एडोज 30 सप्टेंबर 1888 च्या पहाटे मारली गेली तेव्हा तिच्या अंगावर आणि खिशांत काय होतं याची नोंद झालेली आहे. चहा आणि साखर ठेवलेले दोन पत्र्याचे डबे, साबणाचे सहा तुकडे, बारीक दातांची फणी, लाल कापडात टोचलेल्या टाचण्या आणि सुया, मातीच्या दोन आखूड चिलमी, पांढऱ्या मुठीची सुरी, चमचा, चष्म्याचा तुटका भाग, एक लाल हातमोजा, मोहरीच्या डब्यात गहाणाच्या दोन पावत्या. यादी सावकाश, एकेक वस्तू वाचायची आणि थांबायचं. मग विचारायचं: ही बाई कुठे राहत असेल? घर असलेला माणूस चहा-साखर अंगावर बाळगतो का? सुया कशासाठी? दहा मिनिटांत गटाला तिचं जिणं दिसतं, आणि 'पाचपैकी चौथी' असा तिचा उल्लेख पुन्हा कुणी करत नाही.

ज्या पुस्तकांत लेखकाने बळीबद्दल अर्धं पानसुद्धा लिहिलेलं नसतं, तिथे ही दहा मिनिटं दोनच मिनिटांत संपतात. तो पुस्तकाचा दोष आहे आणि तो गटात मोठ्याने नोंदवा.

त्यानंतर फाइलमधला तिसरा कागद वाचून पाच मिनिटांत प्रकरणाची आजची स्थिती सांगा, म्हणजे पुढची चर्चा शिळ्या माहितीवर होत नाही. मग मोकळी चर्चा, साधारण चाळीस मिनिटं. प्रश्न तयार ठेवा, पण सगळे विचारायलाच हवेत असं नाही. हे प्रश्न कुठल्याही पुस्तकाला चालतात:

लेखकाचा पोलीस, वकील, आरोपी किंवा कुटुंब यांपैकी कुणाशी जवळचा संबंध होता, आणि कुणाची बाजू त्यामुळे जास्त ऐकू येते? कोणत्या पानावर तुमचा संशय एका माणसावर पक्का बसला, आणि तिथे पुरावा होता की फक्त वर्णन? 'थंड डोळ्यांचा', 'विचित्र हसणारा' असे शब्द कुणासाठी वापरले आहेत? कोणाची मुलाखतच नाही? हे पुस्तक त्या घरच्यांनी वाचलं असेल तर कोणतं पान त्यांना सगळ्यात जड गेलं असेल?

एका पानाची उलटतपासणी

हा भाग कधीच गाळू नका. पुस्तकातलं एक पान निवडा, त्याच्या छायाप्रती काढा (ग्रंथालयाच्या प्रतीवर खूण करायची नाही, हे सांगावं लागतं) आणि प्रत्येकाला तीन रंगांच्या पेन्सिली द्या. कागदपत्रांत सापडणारी गोष्ट हिरव्याने अधोरेखित करायची, कुणीतरी लेखकाला सांगितलेली निळ्याने, आणि लेखकाला ठाऊक असणं शक्यच नाही ती लाल. तारीख, पत्ता, हवामान हिरवं होतं. शेजारणीचं म्हणणं निळं. आणि मग येतं 'त्या क्षणी त्याच्या मनात विचार आला की...' तिथे पेन्सिली थबकतात. खोलीत दोनच माणसं होती, एक मारली गेली, दुसऱ्याने तोंड उघडलं नाही, तर अवतरणचिन्हांतला हा संवाद आला कुठून?

ट्रूमन कपोट यांचं 'इन कोल्ड ब्लड' या सरावासाठी उत्तम. 1959 मध्ये कॅन्ससमधल्या एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला, त्यावरचं हे पुस्तक 1966 मध्ये ग्रंथरूपात आलं आणि शब्दन् शब्द खरा असल्याचा लेखकाचा दावा होता. मुलाखतींच्या वेळी आपण टेप किंवा वही वापरली नाही, असंही तो सांगत असे. पण स्मशानात तपास अधिकारी आणि मृत मुलीची मैत्रीण भेटतात तो शेवटचा प्रसंग घडलेलाच नव्हता. गटाला ते पान आधी रंगवू द्या, मग ही गोष्ट सांगा. त्यानंतरची चर्चा आवरावी लागते: इतकं सुंदर लिहिलेलं पान खोटं असलं तर बिघडलं काय? माझं उत्तर आहे, बिघडलं, कारण आता आधीच्या पानांवरचा विश्वासही हलतो. पण गटात दुसरं मतही जोरात मांडलं जातं आणि ते ऐकून घेण्यासारखं असतं.

वर्तमानपत्राच्या मजकुरालाही हाच सराव लावा. 13 मार्च 1964 ला न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोविझ या तरुणीचा खून झाला. 38 लोकांनी पाहिलं आणि कुणी मदतीला गेलं नाही, असं न्यूयॉर्क टाइम्सने छापलं. त्या बातमीतून बघ्यांच्या मानसिकतेवरचं संशोधन उभं राहिलं, पाठ्यपुस्तकांत ती कहाणी गेली. नंतरच्या शोधात कळलं की इतक्यांनी सगळं पाहिलंच नव्हतं, आणि एक शेजारीण धावत खाली येऊन किटीजवळ थांबली होती. 2016 मध्ये त्याच वर्तमानपत्राने मूळ बातमीत चुका होत्या असं लिहिलं.

पुस्तक मिळालं नाही तर निकालपत्र

प्रती वेळेत आल्या नाहीत म्हणून बैठक रद्द करू नका. न्यायालयाचं निकालपत्र घ्या. ते सार्वजनिक असतं आणि पुस्तकापेक्षा छोटं असतं. के. एम. नानावटी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 24 नोव्हेंबर 1961 चा निकाल यासाठी मला फार आवडतो. नौदल अधिकारी नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जन्मठेप झाली. ती सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

गटात फळ्यावर फक्त वेळा लिहा. पत्नीने कबुली दिली. नानावटींनी पत्नी आणि मुलांना सिनेमाला सोडलं. जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्वर आणि सहा काडतुसं घेतली. आधी प्रियकराच्या कचेरीत गेले, मग घरी. घर सोडलं दीडच्या सुमारास, गोळ्या झाडल्या चार वीसच्या सुमारास. आता विचारा: हे 'अचानक प्रक्षोभा'त झालं का? (तसं ठरलं तर कायदा तो खून धरत नाही, शिक्षा कमी होते.) न्यायालय म्हणालं, भान परत यायला हा वेळ पुरेसा होता. फळ्यावरच्या चार ओळी बघत वाद घालताना लोक पहिल्यांदा कायद्याची भाषा आपली म्हणून वापरतात. सिनेमांतून ऐकलेलं किती गळून पडतं, तेही तिथेच दिसतं.

अवघड क्षण

कधी ना कधी कुणी तरी सांगेल, 'माझ्या आत्याच्या बाबतीत असंच झालं.' त्या क्षणी पुस्तक बाजूला ठेवायचं. तपशील विचारायचे नाहीत, तुलना करायची नाही. "सांगितलंस, बरं केलंस. आपण इथे थोडं थांबू या का?" एवढं पुरतं. दुसऱ्या सूत्रधाराने बैठकीनंतर त्या व्यक्तीशी एकट्याने बोलावं, आणि समुपदेशकांचे किंवा मदतवाहिनीचे क्रमांक फाइलमध्ये आधीच असावेत.

रक्ताचे तपशील रंगवून सांगणारा सदस्य बहुतेक गटांत येतो. त्याला गप्प करू नका, काम द्या: पुढच्या पुस्तकाचा घटनाक्रम त्याच्याकडे. तपशिलांची आवड योग्य ठिकाणी लागते. बळीलाच दोष देणारं बोलणं मात्र तिथेच थांबवा. 'एवढ्या रात्री गेलीच कशाला?' असं कुणी म्हटलं तर विचारा, "हा प्रश्न पुस्तकात कुणी विचारला आहे? तपास अधिकाऱ्याने, वकिलाने की लेखकाने?" चर्चा पुन्हा पुस्तकावर येते आणि बोलणाऱ्याचा अपमानही होत नाही.

फाशीच्या शिक्षेवरचा वाद आला की अख्खी बैठक खाऊन टाकतो. त्यासाठी स्वतंत्र बैठक ठेवा, आणि ती एखाद्या शंकास्पद शिक्षेच्या प्रकरणावर बेता. टेक्ससमध्ये 1991 च्या आगीत स्वतःच्या तीन मुली मारल्याबद्दल कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम यांना 2004 मध्ये मृत्युदंड दिला गेला. आग मुद्दाम लावली या निष्कर्षामागचं शास्त्रच पुढे अग्नितज्ज्ञांनी अमान्य केलं. असं ठोस प्रकरण समोर असलं की लोक घोषणा सोडून पुराव्यावर बोलतात.

पाहुणे

निवृत्त तपास अधिकारी, फौजदारी वकील, न्यायवैद्यक तज्ज्ञ, न्यायालयाचं वार्तांकन केलेला पत्रकार यांना बोलवा, पण गट चार-पाच पुस्तकं एकत्र वाचून झाल्यावर. आधी बोलावलं तर भाषण होतं, नंतर बोलावलं तर प्रश्न होतात. त्यांना पुस्तक आणि गटाचे प्रश्न पंधरा दिवस आधी द्या. चालू प्रकरणांवर बोलायचं नाही हे ठरवून घ्या. पीडितांच्या नातेवाइकांना आकर्षण म्हणून कधीही बोलावू नका. त्यांनी स्वतः यायची इच्छा दाखवली तर काय बोलायचं, किती वेळ आणि कुठले प्रश्न नकोत, हे सगळं त्यांनी ठरवावं.

बैठक संपवताना

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. शवविच्छेदनाच्या पानावरून लोकांना थेट घरी पाठवू नका. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं: या पुस्तकातलं कोण माणूस लक्षात राहील. बऱ्याचदा ती नावं साक्षीदाराची, परिचारिकेची किंवा चिकाटीच्या एखाद्या कारकुनाची निघतात.

मग पुढच्या पुस्तकाच्या प्रती खोलीतच वाटा, पूर्वसूचनेचा कागद आत घालून. 'नंतर देवघेव विभागातून घ्या' म्हटलं की निम्मे घेत नाहीत. या पुस्तकाची फाइल ग्रंथपालांकडे संदर्भ विभागात ठेवायला द्या. त्यात छापून आल्यानंतरच्या घडामोडींचा कागद असतो, त्यामुळे गटात नसलेल्या वाचकालाही ती उपयोगी पडते, आणि वर्षभरात नव्या निकालांची भर घालायची जबाबदारी एका सदस्याच्या नावावर लिहून ठेवा.